घशात हाड अडकलं तर केळं गिळू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरगुती उपायांच्या चौकटीत एक सल्ला छापून आला. घशात मटणाचं हाड किंवा माशाचा काटा अडकला तर पिकलेलं केळं न चावता गिळावं, नाहीतर कोरड्या भाताचा गोळा किंवा भाकरीचा मोठा घास घ्यावा, म्हणजे अडकलेलं खाली सरकतं, असा. मी सोलापुरातल्या एका रुग्णालयात एंडोस्कोपी (दुर्बिणीने आतून तपासणी) विभागात परिचारिका होते, आता निवृत्त आहे. या केळ्या-भाकरीचं पुढे काय होतं ते मी नोकरीत जवळून पाहिलंय. तेव्हा पहिली विनंती ही, की तो सल्ला मागे घेतल्याचं त्याच चौकटीत, तेवढ्याच टायपात छापावं. बाकीचं पत्र त्यामागचं कारण सांगण्यासाठी.

आपल्याकडे रविवार म्हणजे मटण, आणि आखाड म्हणजे रोजच रविवार. सोमवारच्या ओपीडीत 'काल रात्रीपासून घशात टोचतंय' म्हणत कुणी ना कुणी यायचंच. त्यातल्या बऱ्याच जणांना दुर्बीण घातली तर आत काहीच सापडायचं नाही. हाड केव्हाच पोटात गेलेलं असतं, टोचतो तो मागे राहिलेला ओरखडा. अशा माणसाने मधल्या वेळेत केळं खाल्लेलं असलं की गुण केळ्याला जातो, आणि मग तो जन्मभर दहा जणांना केळ्याचा उपाय सांगत फिरतो. ज्याचं हाड खरोखर रुतलं होतं तो कट्ट्यावर सांगायला येत नाही, तो आयसीयूत असतो. घरगुती उपायांची कीर्ती अशीच वाढते.

अन्ननलिका म्हणजे साधारण २५ सेंटीमीटर लांबीची स्नायूंची नळी. तीन ठिकाणी ती मुळातच अरुंद असते. घसा संपून ती सुरू होते तिथे, छातीत महाधमनीची कमान तिला टेकते तिथे, आणि खाली पोटात शिरण्याच्या आधी. टोकदार हाड बहुतेक वेळा पहिल्या ठिकाणी अडकतं, कधी दुसऱ्या. जठराला आणि आतड्याला बाहेरून एक चिवट आवरण असतं, अन्ननलिकेला ते नाही. त्यामुळे आतून टोक रुतलेलं असताना वरून भाकरीच्या घासाने रेटा दिला तर हाड आरपार जायला फारसा वेळ लागत नाही. आणि बाहेर असतं काय? छातीची मधली पोकळी, जिथे हृदय, श्वासनलिका आणि मोठ्या रक्तवाहिन्या दाटीने बसल्यात. तिथे अन्न आणि थुंकी उतरायला लागली की काही तासांत संसर्ग होतो, पू धरतो आणि जंतू रक्तात जातात. थुंकी तर आपण दिवसाला लिटरभराच्या आसपास नकळत गिळत असतो. म्हणजे माणूस काही खात नसला तरी गळती चालूच.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका आजींची गोष्ट सांगते. ओळख पटेल असं काही सांगत नाही. बिड्या वळून संसार केलेली बाई, वरच्या दातांची कवळी. कवळीने टाळू झाकलेली असते, त्यामुळे घासात हाड आलेलं जिभेला आणि टाळूला कळत नाही. दारू प्यायलेल्यालाही कळत नाही, म्हणून हे दोघे आमचे नेहमीचे गिऱ्हाईक. रात्री जेवताना हाड गेलं. घरच्यांनी केळं दिलं. केळ्याने काही होईना म्हणून कडक भाकरीचे तुकडे गिळायला लावले. मग कुणीतरी बोट घालून ओकारी काढायला सांगितलं. सकाळी गल्लीतल्या दवाखान्यात 'ॲसिडिटी असेल' म्हणून इंजेक्शन झालं. आमच्याकडे आल्या तेव्हा ताप होता, श्वास जोरात चालला होता आणि मान सुजून हनुवटीला भिडली होती. मी मानेवर बोट ठेवून दाबलं तर कातडीखाली कुरकुर लागली. अन्ननलिकेतून सुटलेली हवा वर चढून कातडीखाली साठली की अशी कुरकुर लागते. ती एकदा बोटाला लागली की बोट विसरत नाही. ड्युटीवरच्या नव्या डॉक्टरांचा हात धरून मी तो त्या जागी ठेवला होता.

सून म्हणाली, "सिस्टर, भाकरी खाल्ल्यावर जरा बरं वाटलं होतं त्यांना." बरं वाटणारच. टोचणारं हाड भिंतीतून पार गेलं की टोचणं थांबतं.

सीटीत अन्ननलिकेच्या बाहेर हवा आणि पाणी दिसलं, दुर्बिणीतून छिद्र दिसलं, आणि छिद्रापलीकडच्या पोकळीत भाकरीचा लगदा. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी अशा माणसाला बरगड्यांमधून छाती उघडण्यावाचून गत्यंतर नसायचं. म्हातारं, संसर्गाने खचलेलं शरीर ते ऑपरेशन कितपत सोसेल याची सर्जनलाच धास्ती असायची. या आजींची छाती उघडली नाही. फुप्फुसाच्या बाजूला साठलेलं पाणी काढायला एक नळी घातली, सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू केली, तोंडाने पाण्याचा थेंबही बंद केला, आणि उरलेलं काम दुर्बिणीने झालं.

ते काम कसं झालं हे मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण 'छातीत छिद्र पडलंय, पण चिरा द्यायचा नाही' म्हटलं की नातेवाइकांना वाटतं डॉक्टर चालढकल करतायत. जखमेवर लावतात तसा फोमचा स्पंज डॉक्टर कात्रीने बेतून घेत. नाकातून घालतो त्या राइल्स ट्यूबच्या टोकाला तो दोऱ्याने पक्का बांधत. दोऱ्याचा एक छोटा फास मोकळा ठेवायचा, दुर्बिणीतून आलेल्या चिमट्याने तो पकडायचा आणि दुर्बिणीबरोबरच स्पंज तोंडावाटे आत नेऊन छिद्रातून पलीकडच्या पोकळीत बसवायचा. ट्यूबचं दुसरं टोक नंतर नाकातून बाहेर काढायचं आणि सक्शनला जोडायचं. ओढ साधारण १२५ मिलिमीटर पाऱ्याची, सतत. पू, थुंकी, घाण सगळं ओढलं जातं आणि पोकळीच्या भिंती हळूहळू जवळ येतात. दर ३ ते ५ दिवसांनी स्पंज बदलायचा. पहिल्या बदलाच्या वेळी खोलीत उभं राहवत नाही इतका वास येतो. मग एखाद्या बदलीला पडद्यावर पांढुरक्या घाणीऐवजी ताज्या मांसाचे लालबुंद दाणे दिसतात, आणि डॉक्टर काही न बोलता मान हलवतात. गळतीवरची ही स्पंजची पद्धत २००८ च्या सुमारास जर्मनीतल्या डॉक्टरांनी पुढे आणली. आता ती भारतातही होते.

तेवढे आठवडे आजींचं जेवण नाकातून थेट लहान आतड्यात सोडलेल्या बारीक नळीतून चाललं. सून हुलग्याचं माडगं करून आणायची. ती नळी फार नाजूक, एक कण अडकला तरी बंद पडते. म्हणून माडगं धुतलेल्या मलमलमधून दोनदा गाळायचं, आणि प्रत्येक वेळी आधी आणि नंतर पाण्याची पिचकारी मारायची. नळी बंद पडली की पुन्हा दुर्बीण, पुन्हा भूल. हे तिला एकदाच सांगितलं होतं, पुढे ती दुसऱ्या खाटांवरच्या नातेवाइकांना शिकवायची.

प्रत्येकालाच स्पंज लागतो असं नाही. छिद्र एक सेंटीमीटरच्या आतलं, ताजं आणि स्वच्छ असेल तर दुर्बिणीतून जाणाऱ्या छोट्या धातूच्या क्लिपा लावून कडा जवळ आणता येतात. त्याहून मोठं, दोन सेंटीमीटरपर्यंतचं असेल तर दुर्बिणीच्या टोकावर टोपीसारखी चढवायची दातेरी क्लिप मिळते. कडा टोपीत ओढून घ्यायच्या आणि क्लिप सोडायची, ती भिंतीची पूर्ण जाडी पकडते. याहून लांब चीर असेल तर वरून झाकलेला जाळीचा स्टेंट आतून बसवतात, म्हणजे थुंकी आणि अन्न त्यातून खाली जातं आणि चिरेला भरून यायला अवसर मिळतो. काही आठवड्यांनी तो काढून टाकतात. मानेतल्या छिद्राला, जिथे हाडं सगळ्यात जास्त अडकतात, स्टेंट सहसा सोसत नाही, गिळताना सारखा खुपतो. तिथे कितीतरी वेळा नुसतं तोंड बंद ठेवून आणि औषधांवर भागतं, किंवा मानेला छोटा छेद देऊन पू काढतात. हे सगळं करताना दुर्बिणीतून साधी हवा सोडायची नाही, कार्बन डायऑक्साइड सोडायचा. तो शरीरात पटकन शोषला जातो. साधी हवा छिद्रातून छातीत घुसली तर फुप्फुस दाबलं जाऊन पेशंट टेबलावरच जाऊ शकतो.

पण हे सायकलचं पंक्चर नव्हे, की ठिगळ लावलं आणि गाडी सुटली. आत सांडलेलं बाहेर काढलं नाही तर वरून लावलेली क्लिप काही कामाची नाही. आणि चीर फार मोठी असेल, भिंत सडली असेल, छातीभर पू असेल, तर आजही ऑपरेशनच करावं लागतं. दुर्बीणवाले डॉक्टर, सर्जन, सीटी बघणारे, भूलतज्ज्ञ आणि आयसीयूतल्या मुली, एवढे सगळे त्याच रात्री एकाच पेशंटसाठी जागे असावे लागतात.

आता वेळेबद्दल. जगभर अन्ननलिकेला सगळ्यात जास्त छिद्रं हाडाने पडत नाहीत, ती दुर्बिणीचे उपचार करतानाच पडतात. ॲसिड पोटात गेल्याने आकसलेली नळी फुग्याने रुंद करताना, गाठ काढताना, कधी अडकलेली वस्तू बाहेर ओढताना. तरी त्यातले पेशंट हाडाच्या पेशंटपेक्षा पुष्कळ बरे वाचतात. कारण साधं आहे. ते उपाशीपोटी आलेले असतात, छिद्र पडलेलं त्याच क्षणी पडद्यावर दिसतं आणि काही मिनिटांत क्लिप लागते. छिद्र तेवढंच, कधी मोठंसुद्धा. फरक एवढाच, की त्यातून केळं गेलेलं नसतं आणि रात्र उलटलेली नसते. २४ तासांनंतर आलेल्या पेशंटच्या जिवाचा धोका कितीतरी वाढतो, हे सर्जरीच्या पुस्तकात जुन्या काळापासून आहे. दुर्बिणीने तो नियम रद्द केलेला नाही. पुरवणीतल्या सल्ल्यावर माझा राग का, ते आता लक्षात यावं. तो माणसाला नेमकं नको ते करायला लावतो आणि वर वेळ घालवतो.

हाडाविनाही अन्ननलिका फाटते, हे मात्र फार कमी लोकांना ठाऊक आहे. एक तिशीतला पोरगा आला होता. मित्रांबरोबर ढाब्यावर भरपेट खाणंपिणं, मग उलटीवर उलटी, आणि एका जोरदार उलटीसरशी छातीत अशी कळ की जागेवरच बसला. आधी जिथे नेलं तिथे हार्ट अटॅक समजून ईसीजी झाला, तो साफ आला. पुन्हा काढला, पुन्हा साफ. मग 'गॅस'. आमच्याकडे एक्स-रेत डाव्या छातीत पाणी दिसलं म्हणून नळी घातली, आणि ड्रेनच्या बाटलीत भाताची शितं उतरली. बाटली हातात धरून मी तशीच उभी राहिले. छातीतून भात येताना पाहिल्यावर रोगाचं नाव विचारावं लागत नाही.

तरी नाव आहे, आणि त्याला इतिहासही आहे. हॉलंडच्या नौदलाचे ॲडमिरल व्हॅन वासेनार हे असेच भरपूर जेवून ओकारी काढताना कळ येऊन एका दिवसाच्या आत गेले. लायडनचे प्रसिद्ध वैद्य हर्मान बोएरहावे यांनी शवविच्छेदन केलं तेव्हा छातीच्या पोकळीत ॲडमिरलनी खाल्लेल्या बदकाचा वास आला. १७२४ साली बोएरहावेंनी ते सगळं लिहून ठेवलं, म्हणून या आजाराला त्यांचं नाव. पुढची दोनशे वर्षं हे निदान म्हणजे मृत्यूचा दाखलाच होता. अशा फाटलेल्या अन्ननलिकेला टाके घालून माणूस वाचवल्याचं लंडनचे सर्जन नॉर्मन बॅरेट यांनी प्रसिद्ध केलं ते थेट १९४७ साली.

आमच्या पोराला टाके नाही, स्टेंट लागला. बरा झाल्यावर तो काढला तेव्हा त्याचे वडील बाहेर बसले होते. आयुष्य यंत्रमागावर गेलेला माणूस. काढलेला स्टेंट मी धुऊन ट्रेमध्ये ठेवून त्यांना दाखवला. निटिनॉल नावाच्या मिश्रधातूच्या केसाएवढ्या तारांची विणलेली नळी, वरून पातळ सिलिकॉन. त्यांनी चष्मा वर केला, ट्रे उजेडाकडे फिरवला, दोन्ही टोकांच्या कडा बघितल्या. पोराबद्दल काही विचारलं नाही. "सिस्टर," म्हणाले, "ही वीण कुठल्या मशीनवर घेतात?" मला सांगता आलं नाही. कंपनीचा माणूस आला तेव्हा त्याला विचारलं, त्यालाही सांगता आलं नाही.

या पोरासाठी तो स्टेंट शहरात नव्हता, हेही सांगायला हवं. क्लिपा आणि स्टेंट महाग असतात, मापं अनेक, त्यावर मुदतीची तारीख असते आणि वर्षाकाठी लागतात मोजक्याच. त्यामुळे कुठलंच रुग्णालय सगळ्या मापांचे घेऊन ठेवत नाही. फोन जातो, पुण्याहून नाहीतर हैदराबादहून रात्रीच्या गाडीत पार्सल चढतं, आणि आमचा वॉर्डबॉय पहाटे स्टँडवर जाऊन उभा राहतो. तोवर पेशंटच्या छातीत गळती चालू. ज्यांची ऐपत आहे ते पेशंटलाच गाडीत घालून पुणं गाठतात. ते अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशेच्या पुढे. हैदराबादचे पोटविकारतज्ज्ञ डॉ. डी. नागेश्वर रेड्डी यांना २०२५ साली पद्मविभूषण मिळालं, तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी घरांत आनंद झाला असेल. पूर्व भागातली तेलुगू बोलणारी माणसं पोटाच्या दुखण्यासाठी तिकडे जातातच, भाषाही आपली. पण छिद्र पडलेल्या माणसासाठी हैदराबाद लांब पडतं.

यावर मला सुचतं ते असं. शहरातल्या दुर्बीण-उपचार करणाऱ्या रुग्णालयांनी मिळून क्लिपा आणि स्टेंटचा एक संच एका जागी ठेवावा. जो वापरेल त्याने तेवढा भरून द्यावा. रक्तपेढ्या एकमेकींना पिशव्या देतात, तर हे का जमू नये? स्पंजसाठी तर तेवढंही लागत नाही. मधुमेहाच्या पायाच्या जखमांना लावायचा फोम आणि सक्शन मशीन आपल्या बऱ्याच रुग्णालयांत आजही आहे. नाही ती सवय, आणि रविवारी रात्री ते करायला येणारे हात. आपलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासूनचं. धाराशिव, लातूरपासून पलीकडे विजयपूर, कलबुर्गीपर्यंतचे पेशंट त्याच्याच सिव्हिल रुग्णालयाच्या भरवशावर येतात. तिथे चोवीस तास दुर्बिणीची टीम असावी ही मागणी या पत्रातून नोंदवते. आणि १०८ रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला कोणत्या रात्री दुर्बीण कुठे चालू आहे हे माहीत असावं. आज पेशंट आधी जवळच्या दवाखान्यात, मग मोठ्या, मग त्याहून मोठ्या अशा पायऱ्या चढत येतो, आणि प्रत्येक पायरीवर तास जातो.

पैशांचंही तेच. सरकारची जीवनदायी योजना २०१२ साली सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होतं. आता तीच महात्मा फुले योजना, कुटुंबाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण. तातडीच्या वेळी फोनवरून कळवून उपचार सुरू करायची सोयही तिच्यात आहे. पण नातेवाईक काउंटरवर विचारतो तेव्हा त्याला हवं असतं सरळ उत्तर: स्टेंट बसेल का, क्लिप बसेल का, स्पंजची प्रत्येक बदली बसेल का. ही यादी मराठीत भिंतीवर लावा. योजनेची माहिती देणाऱ्या आरोग्यमित्राला शोधत फिरायची ती वेळ नसते.

गल्लीतल्या डॉक्टरांना हात जोडून दोन गोष्टी सांगते. मी शिकवणारी कोण, पण तुमच्याकडून पुढे आलेले पेशंट मीच उतरवून घेतलेत. एक, आधी जोराची उलटी आणि मग छातीत कळ, असा क्रम सांगितला तर ईसीजी साफ आल्यावर पेशंटला घरी पाठवू नका, सीटीला पाठवा. मानेवर बोट दाबून बघायला पैसे लागत नाहीत. दुसरं, साध्या एक्स-रेत काही दिसलं नाही म्हणजे आत काही नाही असं समजू नका. माशाचा काटा बहुधा दिसत नाही. कवळीचं गुलाबी प्लास्टिकही दिसत नाही, फक्त तारेचा आकडा असला तर तेवढा दिसतो. एक-दोन दातांची, तारेच्या आकड्याची सैल कवळी घालून झोपणारे म्हातारे आपल्या घरोघरी आहेत. त्यांना रात्री ती वाटीत काढून ठेवायला लावा, दुरुस्तीचे पैसे मुलांनी द्यावेत.

आणि लहान मुलं. रिमोटमधले, वजनकाट्यातले, गड्ड्याच्या जत्रेत मिळणाऱ्या लुकलुकणाऱ्या खेळण्यांतले चपटे बटण सेल. हा सेल अन्ननलिकेत अडकला तर टोचत नाही, जाळतो. ओल्या भिंतीला टेकताच त्यातून वीज वाहते, तिथे क्षार तयार होतो, आणि दोन तासांत भिंत भाजून निघू शकते. पुढे काही दिवसांनी भोक पडतं, सेल काढल्यानंतरसुद्धा. एक्स-रेत तो नाण्यासारखाच गोल दिसतो, पण कडेला दुहेरी कडं असतं. 'रुपया गिळलाय, शी वाटे पडेल' असं कुणी म्हटलं तर ते कडं आहे का बघा, असं तिथल्या तिथे विचारा. मूल एक वर्षाच्या वर असेल, सेल गिळून बारा तास झालेले नसतील आणि त्याला गिळता येत असेल, तर दवाखान्याच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. मधाने भाजणं मंदावतं. मात्र मध शोधायला थांबायचं नाही. काही गिळायला द्यायचं नाही या नियमाला मी सांगते तो एवढाच अपवाद.

बाकी काय करायचं ते असं. माणसाला बोलता येत नसेल, श्वास घेता येत नसेल, तर अडकलेलं श्वासनलिकेत आहे. तिथे पाठीत खांद्यांच्या मध्ये थापा आणि पोटावर दाब, आणि १०८. बोलता येतंय, श्वास चालू आहे, पण घशात किंवा छातीत टोचतंय, थुंकी गिळवत नाही, तर अडकलेलं अन्ननलिकेत आहे. अशा वेळी केळं नाही, भात नाही, भाकरी नाही, पाणीही नाही. बोट घालून ओकारी काढायची नाही. थुंकी वाटीत थुंकायची आणि निघायचं. टोकदार वस्तू आणि सेल यांना दुर्बीण शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा सहा तासांत लागायला हवी. म्हणजे 'सकाळपर्यंत बघू' हा पर्याय नाही. मान सुजली, आवाज बदलला, ताप आला, छातीत किंवा पाठीत कळ आली तर वाटेतच दवाखान्यात फोन करून 'अन्ननलिकेला छिद्र पडल्याची शंका आहे' हे शब्द उच्चारा. त्या शब्दांवर आतली माणसं पळतात, 'घशात टोचतंय' यावर केसपेपर काढायला सांगतात.

पत्र फार लांबलं, याची कल्पना आहे. काटछाट करावी लागलीच तर ॲडमिरलचं बदक खुशाल काढा, माझ्या मागण्याही आखूड करा. शेवटचे दोन परिच्छेद, बटण सेलचा आणि काय करायचं तो, एवढे मात्र शब्द न बदलता छापावेत.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त परिचारिका, जुळे सोलापूर